मातीचा उतार ट्रेमध्ये कसा पाडायचा: स्टेबिलिटी आणि इरोजनचा प्रोजेक्ट पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सिव्हिल किंवा ॲग्री इंजिनिअरिंगच्या पोरांची प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की दर पावसाळ्यानंतर कुणीतरी हा विषय उचलतंच. त्यात नवल काही नाही, ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये, मग १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी, या बातम्या बघतच ही पिढी मोठी झालीय. विषय चांगला आहे, खर्च कमी आहे, निम्मं सामान कॉलेजच्या सॉइल लॅबमध्ये आधीच पडलेलं असतं. पण बहुतेक ग्रुप करतात काय, तर ट्रेमध्ये माती ओततात, झारीने पाणी सोडतात, माती वाहताना व्हिडिओ काढतात आणि रिपोर्टमध्ये "उतार वाढला की धूप वाढते" असं लिहून मोकळे होतात. एवढं तर कुठल्याही शेतकऱ्याला तुमच्या प्रोजेक्टशिवाय माहितीय. तुम्हाला आकडा काढायचाय, आणि तोच प्रयोग परत केला तर आकडा जवळपास तोच आला पाहिजे. तो का येत नाही याचं कारण दहातल्या नऊ वेळा पाऊस किंवा उतार नसतो, माती भरायची पद्धत असते, त्यामुळे खाली सगळ्यात जास्त वेळ मी त्यावरच घालवणार आहे.

आधी ठरवा: कोसळणं की वाहून जाणं

हे दोन वेगळे प्रयोग आहेत. स्टेबिलिटी म्हणजे मातीचा अख्खा लगदा एकत्र खाली येतो की नाही, तिथे लढाई आतल्या घर्षणाची आणि वजनाची असते आणि पाणी आत शिरून घात करतं. इरोजन म्हणजे वरचा थर कणाकणाने जातो, थेंबाच्या माराने सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. खऱ्या डोंगरावर एकाच पावसात दोन्ही होतात पण प्रयोगात एकत्र केलं की काय कशामुळे झालं ते सांगता येत नाही.

इरोजनला उथळ ट्रे लागतो, १० ते १५ सेमी माती पुरते, आणि मोजायचं काय तर वाहून आलेलं पाणी आणि त्यातली माती. स्टेबिलिटीला खोल टाकी लागते जिची एक बाजू काचेची किंवा ॲक्रिलिकची असेल, पाणी शक्यतो मागून किंवा खालून आत सोडायचं, आणि मोजायचं काय तर कुठल्या कोनाला आणि आतल्या पाण्याच्या कुठल्या पातळीला उतार सुटला. एका सेमिस्टरमध्ये एकच घ्या. वर्गात दोन ग्रुप असतील तर माती एकाच ठिकाणची आणा आणि वाटून घ्या, मातीच्या टेस्ट एकदाच कराव्या लागतील.

माती कुठली घ्यायची

पहिल्या प्रयोगाला काळी माती घेऊ नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, चाळायला त्रास, आणि स्टेबिलिटीसाठी तर ती छोट्या मॉडेलमध्ये पडतच नाही. याचं कारण नीट समजून घ्या कारण व्हायवात विचारतात. चिकट मातीत सरळ उभा काप किती उंच टिकेल याचं ढोबळ सूत्र आहे, चार गुणिले कोहीजन (मातीचा चिकटपणा) भागिले मातीचं युनिट वेट (एका घनमीटर मातीचं वजन). कोहीजन फक्त ५ किलोपास्कल धरा, म्हणजे मऊच माती, युनिट वेट १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर, तर उत्तर येतं १.१ मीटर. म्हणजे तुमच्या ३० सेमीच्या टाकीत तिचा उभा कडा केला तरी तो मजेत उभा राहणार, आणि तुम्ही लिहिणार की काळी माती एकदम सेफ. डोंगर मोठा केला की वजन वाढतं, चिकटपणा तेवढाच राहतो, हा सगळा स्केलचा घोळ आहे, म्हणून तर मोठ्या संस्थांमध्ये सेंट्रिफ्यूजमध्ये मॉडेल फिरवून त्याचं वजन कृत्रिमरीत्या वाढवतात. आपल्याकडे ते नाही, तर आपण वाळू किंवा वाळूत थोडीशी बारीक माती मिसळून काम करायचं, कारण निव्वळ घर्षणावर उभ्या असलेल्या उताराचा कोन उंचीवर अवलंबून नसतो.

स्टेबिलिटीसाठी धुतलेली क्रश सँड किंवा वॉश सँड २.३६ मिमीच्या चाळणीतून काढलेली चालते. इरोजनसाठी मात्र आपल्या भागातली माती घ्या, त्यातच मजा आहे, कोकणात असाल तर जांभ्याची तांबडी माती, घाटाखाली मुरमाड, मावळात भातखाचराची. ती ४.७५ मिमीच्या चाळणीतून चाळा, मुळं आणि खडे काढा, सावलीत पसरून वाळवा आणि लागेल त्याच्या दीडपट आणून ठेवा, मध्येच माती संपली आणि दुसऱ्या शेतातून आणली तर आधीचे सगळे रन, म्हणजे प्रयोगाच्या फेऱ्या, वाया.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, माती आणायला पावसाळ्यात घाटातल्या कापलेल्या उताराखाली किंवा दरड पडलेल्या जागी जायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत सपाट जागेवरून, मालकाला विचारून आणा.

मग मातीची ओळख करून घ्या. आयएस २७२० या भारतीय मानकांच्या मालिकेत सगळ्या टेस्ट आहेत: भाग २ ओलाव्याचा, भाग ४ चाळणीचा आणि कणांच्या आकाराचा, भाग ५ लिक्विड आणि प्लास्टिक लिमिटचा (किती ओलाव्याला माती पातळ होते आणि किती ओलाव्यापर्यंत वळता येते), भाग ७ लाइट कॉम्पॅक्शनचा (ठोकून माती किती घट्ट होते), भाग १३ डायरेक्ट शिअरचा (माती आडवी सरकवून तिचं घर्षण काढायचा). वाळूला लिमिट काढायच्या भानगडीत पडू नका, निघत नाहीत. घरी बसून काहीतरी करायचं असेल तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी मोजली की ढोबळ टक्केवारी कळते.

ट्रे आणि टाकी

इरोजनचा ट्रे ९० सेमी लांब, ३० सेमी रुंद आणि १५ सेमी खोल असा जीआय पत्र्याचा किंवा वॉटरप्रूफ प्लायचा करून घ्या, पत्र्याची कामं करणारा वर्कशॉपवाला एका दिवसात देतो. तळाला ५-६ मिमीची भोकं, त्यावर २ सेमी बारीक खडी, त्यावर जुनं सुती कापड, म्हणजे मुरलेलं पाणी निघून जाईल आणि माती अडेल. खालच्या कडेला मातीच्या पृष्ठभागाच्या बरोबर लेव्हलला पन्हळ लावायची, निमुळती, बाटलीत उतरणारी. पन्हळीवर झाकण ठेवा, नाहीतर पाऊस थेट पन्हळीत पडतो आणि वाहून आलेलं पाणी जास्त दिसतं, ही चूक फार जणांच्या रिपोर्टमध्ये पकडता येते.

ट्रे उचलायला गाडीचा जॅक सगळ्यात बेस्ट. कोन मोजायला मोबाइलचं ॲप चालतं पण एकदा ओळंबा आणि कोनमापक लावून खात्री करून घ्या. आणि अंश की टक्के ते प्रत्येक ठिकाणी लिहा. १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश, ९ टक्के म्हणजे जेमतेम ५ अंश. जमिनीची धूप मोजणारे टक्क्यात बोलतात, स्टेबिलिटीवाले अंशात, आणि पोरं दोन्ही एकाच टेबलात घालतात.

स्टेबिलिटीसाठी जुना फिश टँक मिळाला तर सोनं, ६० बाय ३० बाय ३० सेमीचा. मागच्या बाजूला भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी उभी करून मागे ८-१० सेमीचा कप्पा ठेवा, त्यात खडी, पट्टीला कापड. या कप्प्यात पाणी सोडलं की ते मातीत मागून पाझरतं, डोंगरातून येतं तसं. समोरच्या टोकाला पाणी काढून घ्यायची सोय पाहिजेच, सायफनची नळी पुरते, नाहीतर पायथ्याशी तळं साचतं आणि उतार त्यात अर्धा बुडतो. आतल्या पाण्याची पातळी बघायला सलाइनची नळी वापरा, खालचं तोंड कापडाने बांधायचं, काचेला चिकटवून उभी करायची, अशा तीन नळ्या: पायथ्याशी, मध्ये आणि माथ्याखाली. आपला पिझोमीटर तयार, खर्च जवळजवळ शून्य.

माती भरणं

इथे घाई केली की संपलं. मातीची ताकद आणि तिची धूप दोन्ही तिच्या घट्टपणावर आणि ओलाव्यावर ठरतात, म्हणून दर रनला ड्राय डेन्सिटी (एका घनसेमीत किती ग्रॅम कोरडी माती) आणि ओलावा तेच असले पाहिजेत. ते "नीट दाबून भरली" असं म्हणून होत नाही, वजनाने करायचं.

हिशेब असा. समजा ड्राय डेन्सिटी १.५ ग्रॅम प्रति घनसेमी ठरवली आणि ओलावा १० टक्के. मातीची जाडी १२ सेमी. आकारमान ९० गुणिले ३० गुणिले १२ म्हणजे ३२,४०० घनसेमी. कोरडी माती लागणार ४८.६ किलो आणि त्यात पाणी ४.८६ किलो, एकूण ५३.४६ किलो. हे चार थरांत भरायचं, प्रत्येक थर ३ सेमीचा, म्हणजे थराला साधारण १३.४ किलो ओली माती. ट्रेच्या आतल्या बाजूला दर ३ सेमीवर मार्करने रेघ मारून ठेवा, १३.४ किलो मोजून टाका, पसरा, आणि रेघेपर्यंत येईस्तोवर लाकडी धुमसाने ठोका. रेघेच्या खाली गेली तर जास्त ठोकलं, वर राहिली तर कमी. पुढचा थर टाकायच्या आधी वरचा पृष्ठभाग खरवडा, नाहीतर दोन थरांमध्ये गुळगुळीत सांधा राहतो आणि उतार बरोबर तिथूनच घसरतो, आणि तुम्ही त्याला फेल्युअर प्लेन (उतार जिथून तुटतो ती पातळी) म्हणून फोटो काढता.

"कोरडी" माती म्हणजे सावलीत वाळवलेली माती नव्हे, तिच्यातही थोडं पाणी असतंच. आधी तिचा ओलावा काढा आणि तेवढं पाणी वरच्या हिशेबातून वजा करा. पाणी मिसळायचं घमेल्यात, थोडंथोडं शिंपडत आणि हाताने चोळत, भिजवलेल्या पोह्यांसारखी सुटसुटीत ओल आली पाहिजे, गुठळ्या नकोत. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवा म्हणजे पाणी सगळीकडे सारखं जिरतं. भरताना तीन ठिकाणचे नमुने डबीत घ्या आणि ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशाला २४ तास ठेवा. तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब असतील तर तो रन बाद, वाईट वाटलं तरी बाद.

कोपऱ्यात माती नीट ठोकली जात नाही, तिथे अंगठ्याने दाबा. टाकी भरताना काचेच्या बाजूला थरांमध्ये रांगोळीची बारीक रेघ द्या, रंगीत रांगोळी घ्या, उतार हलला की रेघ कुठे तुटली ते काचेतून स्वच्छ दिसतं. आणि भरलेला ट्रे पाणी पिऊन ६० किलोच्या पुढे जातो, लॅबमधलं डुगडुगणारं टेबल त्याला चालत नाही, जॅकखाली तर अजिबात हात घालू नका, शेजारी विटांचा आधार ठेवूनच काम करा.

पाऊस पाडणं

पावसाचा हिशेब एका वाक्यात: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपल्या ट्रेचं क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर, तर ताशी ६० मिमी पाऊस पाडायचा म्हणजे ताशी १६.२ लिटर, मिनिटाला २७० मिली. एवढंच. बाथरूमचा शॉवर लावला आणि मिनिटाला ५ लिटर पाणी ट्रेवर पडलं तर तो पाऊस ताशी ११०० मिमीच्या वर जातो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, तुम्ही तासाभरात त्याच्याही पुढे. हवामान खातं तर २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टीच्या सगळ्यात वरच्या गटात टाकतं. त्यामुळे ताशी ४०, ६०, ९० मिमी असे आकडे घ्या, थोडा वेळ टिकणाऱ्या जोरदार सरीसाठी ते पटण्यासारखे आहेत.

पाऊस पाडायच्या दोन पद्धती जमतात. एक, प्लास्टिकच्या ट्रेच्या तळाला इंजेक्शनच्या सुया चिकटवायच्या, दर ३ सेमीवर एक, आणि ट्रेमध्ये पाण्याची पातळी कायम ठेवायची. यातून थेंब एकसारखे पडतात पण एकाच जागी पडून मातीत खड्डे करतात, म्हणून खाली २०-३० सेमीवर डासांची जाळी ताणून बांधा, थेंब फुटून विखुरतात. दुसरी, ठिबकवाल्याच्या दुकानातून मायक्रो स्प्रिंकलरचं नोझल आणायचं आणि वर बादली टांगायची. बादलीला ओव्हरफ्लोची नळी लावा आणि वरून नळ किंचित चालूच ठेवा म्हणजे पाण्याची उंची बदलणार नाही, प्रेशर तेच राहील. पंप लावणार असाल तर वायर आणि बोर्ड पाण्यापासून लांब आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच.

माती भरायच्या आधी पावसाची परीक्षा घ्या. ट्रेच्या जागी एकसारखे १५-१८ प्लास्टिकचे ग्लास मांडा, १० मिनिटं पाऊस पाडा, प्रत्येकातलं पाणी मोजा. सरासरीपासून प्रत्येक ग्लासचा फरक काढा, वजाबाकीचं चिन्ह सोडून द्या, फरकांची सरासरी घ्या आणि तिला मूळ सरासरीने भागून शंभरने गुणा, ते उत्तर १०० मधून वजा करा. हा ख्रिस्तियनसनचा युनिफॉर्मिटी कोइफिशियंट, ८० च्या वर आला तर पुढे जा. खाली आला तर नोझलची उंची बदला.

उंचीवरून आठवलं, आभाळातून येणारा मोठा थेंब सेकंदाला ८ ते ९ मीटर वेगाने आपटतो आणि तो वेग यायला त्याला ८-१० मीटर तरी पडावं लागतं. तुमच्या २ मीटरच्या स्टँडवरून तो वेग येणार नाही. येऊ दे नाहीतर नको, पण उंची सगळ्या रनना सारखी ठेवा आणि रिपोर्टमध्ये लिहा की थेंबाची ताकद खऱ्या पावसापेक्षा कमी होती. हे लिहिल्याने मार्क जात नाहीत, उलट समोरच्याला कळतं की पोराने विचार केलाय.

इरोजनचा रन

आधी माती भिजवून सगळ्या रनना एकसारखी सुरुवात द्या, म्हणजे अगदी बारीक तुषार मारून खालच्या भोकांतून पाणी ठिबकेपर्यंत, मग तासभर निथळू द्या. कोरड्या मातीवर सुरू केलं तर पहिली १०-१५ मिनिटं पाणी मुरण्यातच जातात. मग ट्रे कोनावर लावा, ट्रेवर प्लास्टिक झाका, पाऊस सुरू करून स्थिर होऊ द्या आणि प्लास्टिक एकदम काढा, तो तुमचा शून्य मिनिट. पन्हळीतून पहिली धार कधी आली ती वेळ लिहा. दर ५ मिनिटांनी बाटली बदला, एकूण ३० मिनिटं. बाटलीवर नंबर आधीच टाकून ठेवा, पाण्यात हात असताना मार्कर चालत नाही.

३० मिनिटांत ताशी ६० मिमीने ट्रेवर ८.१ लिटर पाणी पडलं. वाहून आलेलं अधिक खालून निथळलेलं मिळून याच्या जवळपास आलं पाहिजे, थोडं मातीत राहील. ८.१ पेक्षा जास्त आलं तर पन्हळीचं झाकण बघा किंवा पावसाचं मोजमाप परत करा.

बाटलीतली माती वेगळी करायला फिल्टर पेपर लगेच तुंबतो. सोपा उपाय, चिमूटभर तुरटी, रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी हळूच ओता, राहिलेला गाळ आधी वजन केलेल्या वाटीत ओव्हनमध्ये वाळवा. तुरटी सगळ्या बाटल्यांना सारखी, मोजून. समजा एकूण माती ८१ ग्रॅम निघाली, भागिले ०.२७ म्हणजे ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे हेक्टरी ३ टन. आता इथे पोरं हमखास उड्या मारतात. भारतात वर्षाला हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती जाते असा १९८३ चा अंदाज पुस्तकात असतो, त्याच्याशी अर्ध्या तासाच्या आकड्याची तुलना करून मोकळे होतात. नका करू. ९० सेमीच्या ट्रेमध्ये पाण्याला वेग घ्यायला जागाच नाही, ओघळ नीट तयार व्हायच्या आत पाणी पन्हळीत पडतं. धुपेचं जे जगभर वापरलं जाणारं समीकरण आहे, विशमायर आणि स्मिथ यांचं, त्याचा प्रमाण प्लॉट २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा आहे. तुमचा ट्रे तुमच्याच दुसऱ्या ट्रेशी तुलना करायला आहे, उघडी माती विरुद्ध झाकलेली, ५ अंश विरुद्ध १५ अंश.

तुलना कशाकशाची करता येईल? उघडी माती, वर भाताचा पेंढा पसरलेली माती, काथ्याची जाळी अंथरलेली माती, आणि गवत उगवलेली माती. गवतासाठी गहू पेरला तरी चालतो, त्याची मुळं तंतुमय असतात, पण तीन आठवडे तरी हातात ठेवा आणि एवढ्या वेळात उघड्या ट्रेलाही तेवढंच पाणी घाला, नाहीतर एक ट्रे मुरलेला आणि एक ताजा अशी तुलना होते. हरळीचे गड्डे लावले तर लवकर पकडतात. वाळ्याचं नाव सगळे घेतात, त्याची मुळं २-३ मीटर खोल जातात म्हणूनच तो बांधावर उपयोगी, १२ सेमीच्या ट्रेमध्ये त्याचं काय दिसणार! आडवी-उभी पेरणी किंवा समतल चर दाखवायचे असतील तर पृष्ठभागावर काठीने आडव्या रेघा ओढा आणि दुसऱ्या ट्रेमध्ये उभ्या, फरक इतका ठळक येतो की ज्युनिअर पोरांना दाखवायला हाच रन घ्या.

आणखी एक, जाता जाता: पाऊस सुरू करायच्या आधी मातीवर चार-पाच नाणी ठेवा. रन संपल्यावर प्रत्येक नाणं मातीच्या छोट्या खांबावर उभं दिसेल, कारण नाण्याखालच्या मातीला थेंबाचा मार बसला नाही. खांबाची उंची म्हणजे आजूबाजूची किती माती उडाली त्याचं थेट माप.

स्टेबिलिटीचा रन

आधी कोरड्या वाळूचा कोन काढा. ट्रेमध्ये वाळू भरा, पृष्ठभाग पट्टीने सपाट करा, जॅकने अगदी हळू उचला आणि पृष्ठभागावरून वाळू सलग वाहायला लागली की थांबा. पाचदा करा, सरासरी घ्या. सैल वाळूला हा कोन साधारण ३० ते ३५ अंशात येतो, ठोकलेल्या वाळूला जास्त. डायरेक्ट शिअरमधून आलेल्या घर्षण कोनाशी जुळवून बघा.

आता टाकीत उतार करा, ठरवलेल्या डेन्सिटीने थर भरून, मग वरून कापून. समजा घर्षण कोन ३४ अंश आणि उतार २५ अंश. कोरड्या वाळूच्या लांबलचक उताराचा फॅक्टर ऑफ सेफ्टी (उतार धरून ठेवणारी ताकद भागिले खाली ओढणारी, १ च्या खाली गेला की उतार पडतो) म्हणजे टॅन ३४ भागिले टॅन २५, येतो १.४५. मस्त, सेफ. आता तोच उतार पूर्ण भिजला आणि पाणी उताराला समांतर वाहायला लागलं तर याला बुडीत युनिट वेट (संपृक्तमधून पाण्याचं वजा करून येणारं) भागिले संपृक्त, म्हणजे पूर्ण भिजलेल्या वाळूचं, युनिट वेट याने गुणायचं, संपृक्त १९ धरलं तर १९ मधून पाण्याचे ९.८१ गेले ९.१९, भागिले १९, म्हणजे ०.४८. उत्तर ०.७०. तीच वाळू, तोच कोन, आणि उतार उभा राहूच शकत नाही. भिजल्यावर तो १८ अंशापर्यंतच टिकतो. हा एक आकडा ज्याला कळला त्याला पावसाळ्यात दरडी का पडतात ते कळलं. आपल्या सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी पक्क्या काळ्या खडकावर मातीचा आणि झिजलेल्या दगडाचा थर असतो, पाणी खडकापर्यंत मुरतं आणि तिथून पुढे त्याला खाली जाता येत नाही, म्हणून ते थराच्या आतूनच उताराला धरून वाहतं.

मागच्या कप्प्यात पाणी थोडंथोडं वाढवा, ३-४ सेमी, मग नळ्यांमधली पातळी स्थिर होईपर्यंत थांबा. आधी पायथा ओला दिसेल, मग पायथ्याचा छोटा तुकडा बसेल, मग त्याच्या वरचा, असं खालून वर चढत जातं. माथ्यावर भेग दिसते का बघा. प्रत्येक तुकड्याच्या वेळी तिन्ही नळ्यांची पातळी आणि घड्याळ लिहा. मोबाइल स्टँडवर लावून टाइमलॅप्स, फ्रेममध्ये पट्टी दिसली पाहिजे.

ओलसर वाळूने फसू नका. किंचित ओली वाळू ६०-७० अंशालाही उभी राहते, कणांमधलं पाणी कणांना ओढून धरतं म्हणून. यावरून "ओलाव्याने स्टेबिलिटी वाढते" असा निष्कर्ष लिहिणारे दरवर्षी सापडतात. ती ओढ वाळू पूर्ण भिजली की नाहीशी होते.

वेळ उरला तर पायथ्याशी खडीचा पट्टा किंवा भोकं पाडलेल्या आडव्या स्ट्रॉ घालून तोच रन परत करा. मागे पाण्याची तीच पातळी ठेवूनही नळ्यांमधलं पाणी उतरतं आणि उतार टिकतो. घाटरस्त्याच्या भिंतींना पाइपाची तोंडं ठेवलेली असतात ती यासाठीच.

टेबल, ग्राफ, व्हायवा

प्रत्येक परिस्थितीचे किमान तीन रन, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. फक्त सरासरी न देता तिन्ही आकडे द्या, पसारा दिसू दे. ग्राफ दोनच पुरतात: इरोजनला वेळ विरुद्ध दर ५ मिनिटांची माती, स्टेबिलिटीला पाण्याची पातळी विरुद्ध हिशेबाने काढलेला फॅक्टर ऑफ सेफ्टी, आणि प्रत्यक्ष पडला तो बिंदू गोल करून. सुटला तिथे हिशेबाने १ च्या जवळ यायला हवा. नाही आला तर खोडरबर काढू नका, टाकीच्या बाजूच्या काचांचं घर्षण, वरच्या वाळूतली ओल, अशी कारणं असतात आणि तीच लिहायची. बिशप आणि स्वीडिश सर्कल या उताराची स्टेबिलिटी काढायच्या पद्धतींचं सॉफ्टवेअर चालवून रंगीत चित्रं चिकटवण्यापेक्षा हे चार पानी उत्तर भारी पडतं, निदान मी परीक्षक असतो तर.

एक्सटर्नल हमखास विचारतात ते प्रश्न: ड्राय डेन्सिटी तीच का ठेवली, मॉडेलमध्ये काळी माती का पडत नाही, तुमचा पाऊस ताशी किती मिमी आणि तो कसा मोजला, आणि हा निकाल खऱ्या डोंगराला लावता येईल का. शेवटच्याला सरळ सांगा की थेट लावता येणार नाही, दिशा कळते, आकडा उचलता येत नाही.

वापरलेली माती वाळवून परत वापरू नका, तिच्यातले बारीक कण आधीच्या रनमध्ये गेलेले असतात आणि दुसऱ्या वेळी धूप कमी दिसते. म्हणून दीडपट आणायला सांगितलं, आणि चार ट्रेमध्ये तीन-तीन रन करायचे असतील तर दीडपट हा हिशेब एकूण लागणाऱ्या मातीवर करा, एका ट्रेवर नाही. गढूळ पाणी लॅबच्या बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाइप तुंबला की लॅब असिस्टंट पुढच्या बॅचलाही ओव्हनची चावी देत नाही. बाहेर झाडाच्या आळ्यात ओता.